निळ्या गाडीला राखेचं पॉलिश

बायकोच्या गाडीच्या बॉनेटवरचा रंग मी कोकमाचा आगळ आणि चुलीतली राख लावून घासून काढला. सगळ्या बॉनेटवरचा नाही; डाव्या दिव्याच्या वर, पोळपाटाएवढाच. माझ्या बाजूने बोलण्यासारखं एवढंच आहे, म्हणून ते आधी बोलून घेतो.

गाडी गडद निळी. जुनीच घेतलेली, पण आधीच्या मालकाने जपून वापरलेली आणि बायकोने त्याहून जपून. बायको आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. लशींचा डबा घेऊन वाड्यावाड्यांतून फिरायचं, कधी रिक्षा, कधी कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागे, याला कंटाळून ती एक्कावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, तालुक्याच्या कचेरीतून नुकताच निवृत्त झालेला, आणि मला चारचाकी येत नाही. शिकायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यानेच मला घरी आणून सोडलं आणि म्हणाला, "काकानू, तुमी बाजूक बसलास तरी चलात." तेव्हापासून मी बाजूला बसतो.

बायकोचं माहेर दोडामार्गच्या पुढे. तिथे तिची आई आणि दोन भाऊ. थोरला केळी आणि रबर बघतो, धाकटा रोज मोटरसायकलने गोव्यात कारखान्यात जातो. बहिणीने गाडी घेतल्याचं कळलं तेव्हा थोरला खो-खो हसला होता. आम्ही शिमग्याला एसटीने गेलो होतो, सगळे ओटीवर बसलेले, आणि हा मोठ्याने म्हणाला, "बाय, तुमच्याकडचे रस्ते मी बघलंय. दोनय बाजूक जांभ्याचे गडगे. पयल्या म्हयन्यात बाजू खरवडून घेतलंस नाय तर माजा नाव बदल."

बायकोने हातातला पुरणपोळीचा तुकडा तोंडात टाकला, चावून संपवला, आणि मग म्हणाली, "मी गाडी घेवन येतलंय त्या दिवशी एक ओरखडो दाखव. चावी तुज्या हातार ठेवतंय आणि एस्टीन परत जातंय."

"सगळ्यांनी ऐकलास मां?" थोरल्याने विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं. सासूबाईंनीही.

त्यानंतर अकरा महिने तिने गाडी चालवली. गडग्यांच्या, म्हणजे दगडी कुंपणांच्या मधून, म्हशी बाजूला करत, समोरून डंपर आला की मागे घेत. एक ओरखडा नाही. माहेरी मात्र नेली नाही. सासूबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती, भावांनी रविवारी सत्यनारायण ठेवला होता, तेव्हाच पहिल्यांदा न्यायची असं तिने ठरवलं होतं. मला फक्त एक काम दिलं. "शनिवारी गाडी नुसती पाण्यान धुवन ठेवा."

मी ते नीट ऐकलं. ऐकण्यात काही चूक नव्हती. पण 'नुसती पाण्यान' म्हणजे फारच कमी झालं, असं मला वाटलं. निवृत्त माणसाला कमी काम दिलं की तो त्यात भर घालतो.

बुधवारी जेवणानंतर मी मोबाइलवर गाडीच्या रंगाला घरच्या घरी चमक आणण्याचे व्हिडिओ बघायला घेतले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत त्या विषयातला जाणकार झालो. त्यातला हातमोजे घातलेला तरुण शांतपणे सांगत होता, की गाडी सावलीत उभी करा. आधी पाण्याने धूळ खाली पाडा, कपडा नंतर. बादल्या दोन घ्या, एकीत साबण आणि दुसरीत मळका कपडा पिळायला. मऊ कापड घ्या, वरून खाली या. मग एक मातीसारखी वडी फिरवून रुतलेले कण काढा, मग पॉलिशची पेस्ट, मग मेण. ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांनी आधी कुठेतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, असंही तो दोनदा म्हणाला. मी ते दोन्ही वेळा पुढे ढकललं, कारण न दिसणाऱ्या कोपऱ्यात चमक आणून उपयोग काय?

वडी, पेस्ट आणि मेण मालवणच्या बाजारात मिळेना. दुकानदाराकडे आरशाला लटकवायची वासाची पुडकी होती आणि डॅशबोर्डवर ठेवायचे गणपती होते. मागवलं तर आठ दिवस. माझ्याकडे तीन होते.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात माझं ज्याबद्दल नाव घेतलं जातं असं एकच काम आहे, आणि ते म्हणजे पितळ घासणं. चतुर्थीच्या आधी समया, घंटा, ताम्हण, निरांजन, सगळं मी घासतो. आधी आगळ लावायचा. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घालून ठेवलेला रस, आमच्याकडे सोलकढीसाठी बाटल्या भरलेल्या असतात. त्याने काळं पडलेलं सुटतं. मग वस्त्रगाळ राख, नारळाच्या सोडणाचा पिंजलेला चोथा, गोल गोल हात, आणि शेवटी धुऊन खोबरेल तेलाचं बोट. समई अशी होते की तिच्यात बघून भांग पाडावा. सासूबाईंनी एकदा आपली समई माझ्याकडून घासून घेतली आणि शेजारणीला बोलावून दाखवली होती. तर अशा माणसाला पेस्टची काय गरज? पेस्ट म्हणजे तरी काय, बारीक पूड आणि तेलच की. राखेत आणि तिच्यात फरक असेल तो किमतीचा, असं मी मनाशी म्हणालो.

गुरुवारी बायको लसीकरणाला केंद्राच्या जीपने गेली. मी धोतर नेसत नाही, नाहीतर खोचलं असतं, लुंगी खोचली. गाडी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उन्हातच होती. हलवता येत नाही म्हणून तिथेच ठेवली. फेब्रुवारी सरत आला की आमच्या विहिरीचं पाणी थोडं मचूळ होतं. ते मी एका बादलीने ओतलं, दुसरी बादली न्हाणीघरात होती, ती आणायला कोण जातो. पत्रा तापलेला. पाणी पुसायच्या आत सुकलं आणि गाडीभर पांढरे ठिपके उठले, लाह्या उधळल्यासारखे.

ओल्या फडक्याने जाईनात. तेव्हा मी आगळाची बाटली आणली. खरं सांगतो, पहिला ठिपका बोटाने आगळ लावताच गेला. गेला म्हणजे नाहीसाच झाला. तो गेला नसता तर पुढचं काही झालं नसतं. माणसाचा घात अपयशाने होत नाही. पहिल्या फटक्याला मिळालेल्या यशाने होतो. मी वाटीभर आगळ डाव्या दिव्याच्या वर पसरला, आणि बायकोने दुपारचं जेवण झाकून ठेवलं होतं म्हणून जेवून आलो. येईपर्यंत आगळ वाळून जांभळट कातडं धरलं होतं. धुतलं, तर खालचा रंग मंद, पान खाल्लेल्या ओठासारखा कसनुसा.

मग राख. वस्त्रगाळ केली, खोबरेलात कालवली, सोडणाचा चोथा घेतला आणि समईचा हात लावला. गोल, गोल. दहा मिनिटांनी फडक्यावर निळं आलं. मी खूश झालो. मळ निघायला लागला, म्हटलं. निळ्या गाडीचा मळ निळा का असावा, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. पडला. पण समईचा मळ काळा निघतो आणि समई पिवळी असते, हे आठवून मी तो सोडवला आणि आणखी जोर लावला. फडकं चार वेळा पिळलं. मग निळ्याच्या मधोमध राखाडी दिसू लागलं. वाटलं, राख राहिली असेल. पाणी ओतलं. राख गेली. राखाडी राहिलं.

थोडा वेळ मी तुळशीच्या कट्ट्यावर बसलो. मग उठून सगळ्या गाडीला खोबरेल तेल चोपडलं, म्हणजे एकूण चमकेत तेवढं दिसणार नाही. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरची तांबडी धूळ त्या तेलावर बसली आणि गाडी दोन रंगांची झाली. राखाडी जागेला मात्र धूळही नीट चिकटली नव्हती. ती लांबूनच दिसत होती.

बायको जीपमधून उतरली. लशींचा डबा हातात. ती गाडीपाशी थांबली, वाकली, बोटाने तेल पुसून बघितलं, बोटाचा वास घेतला.

"ह्या काय लावलास?"

"खोबरेल."

"आणि ह्या?"

"थंय आधी आगळ, आणि मगे राख."

तिने डबा ओटीवर ठेवला, पाय धुतले, चहा टाकला. चहा माझ्यापुढे ठेवला तेव्हा म्हणाली, "माका वाटला, कोणी ठोकल्यान. ठोकल्यान असता तर बरा झाला असता. कोणाक तरी गाळी घालूक मिळाल्यो असत्यो."

"माका घाल," मी म्हणालो.

"तुमका घालून काय होताला? रविवारी माजो भाव काय बघतलो, ता सांगा."

तोपर्यंत मी फक्त रंगाचा विचार करत होतो. चावीसाठी पसरलेला थोरल्याचा पंजा माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा पहिल्यांदा आला.

शुक्रवारी सकाळी आम्ही कसालला गेलो. हमरस्त्याला लागून एक रंगवाला आहे, गाड्यांची डेंटिंग-पेंटिंगची कामं करतो. तोंडाला फडकं बांधलेला, पापण्यांवर पांढरी पूड. त्याने ती जागा नखाने टकटक केली, मग माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे.

"खंयच्या भिंतीक लावलास, बाई?"

बायकोने हाताने मला दाखवलं. "ह्या भिंतीक."

मी सगळं सांगितलं. तो मध्ये हसला नाही, तेच अवघड गेलं. मग तो गाडीपाशी उकिडवा बसला आणि मला समजावू लागला. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. चमकते ती गाडी नव्हे, चमकतो तो थर. जाड म्हणावं तर कांद्याच्या पाकळ्यांमधल्या पापुद्र्याएवढा. "पॉलिश म्हणजे तो पापुद्रो वायचसो खरवडूचो," तो म्हणाला. "वायचसो. मशीन लावतंय तरी माजो जीव वर-खाली होता. तुमी पापुद्रो काढलास, रंग काढलास, खालचो प्रायमर पण अर्धो काढलास. समई भरीव असता, काकानू. गाडी वरवरची असता."

"मग आता?"

"आता नुसता पॉलिश चलाचा नाय. बॉनेट उतरवून रंगवक होया. घासूचा, प्रायमर, रंग, वरचो थर. सुकाक दोन दिवस. बुधवारी न्हेवा."

"रविवारी दोडामार्गाक जावचा आसा," बायको म्हणाली.

त्याने डोकं खाजवलं. मग दुकानात जाऊन एक भलामोठा स्टिकर आणला. पंख पसरलेला गरुड, तोंडातून ज्वाळा. "हो लावन देतंय. बरोबर बसात. कोणाक कळाचा नाय."

मला तो गरुड एकदम पसंत पडला. मी त्याचा आकार बोटांनी मोजूही लागलो. बायको मात्र दोन पावलं मागे सरली.

"लपवूक मी काय चोरी केलंय?" ती म्हणाली. "आणि बावन्नाव्या वर्षी गरुड घेवन फिरू?"

रंगवाल्याने तेल काढून गाडी नीट धुऊन दिली. दोन बादल्यांनी. बाकीची गाडी हिऱ्यासारखी निघाली आणि त्यामुळे ती जागा आणखीच उठून दिसायला लागली. परत येताना बायको एवढंच बोलली, "मी काय सांगूचय नाय. तुमी केलास, तुमी सांगशात. उतरल्या-उतरल्या." मी मान हलवली. ती रस्त्याकडे बघत होती, म्हणून तोंडानेही हो म्हणालो.

रविवारी सकाळी सातला निघालो. ती सुरेख चालवते. गियर कधी बदलला ते कळत नाही. मी बाजूला बसून मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. 'दादानू, एक गंमत झाली' ही सुरुवात बरी वाटली. मग वाटलं, गंमत नको. 'माझ्या हातून जरा' अशी करावी. 'जरा' हा शब्द मला धीर देत होता. कुडाळ गेलं, सावंतवाडीचा फाटा गेला.

इन्सुलीला तपासणी नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांची रांग होती. आमच्या बाजूला एक पोलीस नुसताच उभा होता. गाडी हळू झाली तशी त्याने बॉनेटकडे बघितलं, काचेशी वाकला आणि कचेरीच्या मराठीत म्हणाला, "मॅडम, कुठे लागली? जरा जपून चालवत जा."

मी तोंड उघडलं. उघडलं एवढंच.

"हो," बायको म्हणाली, आणि गाडी पुढे काढली.

बांदा येईपर्यंत तिने तीन गाड्या मागे टाकल्या. मग म्हणाली, "अकरा म्हयन्यात एक लागाक नाय, आणि आज पोलिसाक 'हो' म्हणूचा लागला."

"मी सांगणार होतो," मी म्हणालो.

"केव्हा? तो निवृत्त झाल्यार?"

माहेरच्या घराकडे उतरणारा रस्ता अरुंद आहे. एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला केळीचं कुंपण, आणि शेवटी फणसाच्या झाडाखाली थोरल्याची हिरवी पिकअप आडवी लावलेली. बायकोने तिच्या आणि गडग्याच्या मधल्या जागेत गाडी उलटी घेऊन एका दमात लावली. हातभर जागा इकडे, हातभर तिकडे. ओटीवरून बघणाऱ्या धाकट्याने शिट्टी घातली. तारांवर रबराचे तक्ते वाळत होते, आतून प्रसादाच्या शिऱ्याचा वास येत होता, भटजी चौरंगाला केळीचे खुंट बांधत होते. सासूबाई नवी साडी नेसून उंबऱ्याशी आल्या. क्षणभर सगळं ठीक होतं.

थोरला खळ्यात उतरला. गाडीला मागून फेरी घातली, उजवी बाजू बघितली, मान डोलावली, पुढे आला आणि थांबला.

"झाला मां!" त्याने टाळी वाजवली. "गे आये, बघ गो. तुज्या चेडवान गडगो पॉलिश केल्यान!"

धाकटा धावत आला. "आवशीक खाव! बरोच लागलो आसा गो."

बायकोने माझ्याकडे बघितलं. आतून कुणीतरी कोकम सरबताचा पेला माझ्या हातात दिला होता. मी एक घोट घेतला. 'माझ्या हातून जरा', हे वाक्य मला लख्ख आठवत होतं. मी दुसरा घोट घेतला. समोर थोरल्याने तळहात पसरलेला. जावई म्हणून त्या घरात मला पाटावर बसवतात, पहिलं पान मला वाढतात. हे वाक्य बोललो की ते सगळं जाणार, असा काहीतरी हिशेब डोक्यात चालला होता. तिसरा घोट.

"हाड चावी," थोरला म्हणाला.

बायकोने पर्समधून चावी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. तशीच ओटीवर चढून आईच्या पाया पडायला वाकली.

"मी केलं," मी म्हणालो.

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. भटजींनीही वर बघितलं.

"काय केलास?" थोरल्याने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. विहिरीचं पाणी, लाह्या, आगळ, जेवण, राख, सोडण, निळं फडकं. सांगताना मला वाटत होतं, आता हसतील. कुणी हसलं नाही. थोरला माझ्याकडे मायेने बघत होता.

"भावजीनू," तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, "बायलेची बाजू घेतलास, बरा केलास. पण इतक्या खोटा बोला नको. आगळ लावन कोण गाडी धुता?"

"मी धुतो."

"बत्तीस वर्सा कचेरीत काढल्यात. तुमी येडे आसास काय?"

"खोटं बोलायचं असतं तर मी याहून शहाणपणाचं काहीतरी बोललो नसतो?"

"ताच तर. तुमका खोटा बोलूचा पण येणा नाय."

मी ओरखडे दाखवले. गडग्याला घासलं तर सरळ रेघा उठतील, हे सगळे गोल आहेत, कारण समईला हात गोल फिरतो. धाकट्याने वाकून बघितलं आणि बहिणीला विचारलं, "गोल गोल फिरवलंस काय गो गाडी, जत्रेतल्या पाळण्यासारखी?" यावर मात्र सगळे हसले. बायको सोडून. ती आईच्या बाजूला खांबाला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत राग नव्हता हे मला जास्त लागलं. ती वाट बघत होती. आपल्या नवऱ्याच्या मूर्खपणावर कुणीतरी विश्वास ठेवावा, याची.

मी पेला खाली ठेवला. "आगळ हाडा," मी म्हणालो. "आणि चुलीतली राख."

"कित्याक?"

"तुमच्या पिकअपवर करून दाखवतो. असंच झालं नाही तर गडग्याला लागली असं समजा आणि चावी ठेवून घ्या."

"माज्या पिकअपीर?" थोरला एकदम सावध झाला. "मोटरसायकल आसा मां ह्याची, तिच्यार करा."

"माजी कित्याक?" धाकटा ओरडला. "पैज तुजी, गाडी तुजी!"

"तुमका खात्री आसा मां खोटा म्हणान?" बायको पहिल्यांदा बोलली. "मगे भियास कित्याक?"

थोरल्याला मागे हटता येईना. पूजेला अजून अवकाश होता, शेजारपाजारचे जमलेले, त्यांनी पिकअपभोवती कडं केलं. सासूबाईंनी स्वतः आगळाची वाटी आणून दिली. "ह्या वर्साचो आसा," त्या म्हणाल्या, "सगळो ओतू नकात." राख, खोबरेल आणि फडकं धाकट्याने आणलं. सोडण फणसाखाली पडलंच होतं.

पिकअप हिरवीगार, केळीच्या कोवळ्या पानासारखी, थोरल्याने हौसेने रंगवून घेतलेली. मी सावलीबाहेर असलेल्या डाव्या दारावर आगळ लावला, उन्हात वाळू दिला. लोक घड्याळं बघत होते. मग राख, तेल, आणि समईचा हात. मला त्या वेळी एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. काम अगदी मन लावून होत होतं. हात स्थिर, फिरकी एकसारखी. आयुष्यात काही गोष्टी माणसाला खरोखरच चांगल्या येतात.

सुरुवातीला काही झालं नाही. थोरला हसून सगळ्यांकडे बघत होता. "बघा. बघा, काय होता ता." मी जोर लावला. मग मी फडकं उलटं केलं आणि वर धरलं.

हिरवं.

"मळ आसतलो," थोरला म्हणाला. आवाज जरा बारीक झाला होता.

"मीही तेच म्हणालो होतो," मी म्हणालो, आणि घासत राहिलो. दोन मिनिटांत दाराच्या मधोमध राखाडी चंद्र उगवला. गोल ओरखडे, कडेला मंद, मध्ये उघडं. पाणी ओतलं. धाकट्याने निळ्या गाडीकडे बघितलं, हिरव्या दाराकडे बघितलं, परत निळ्या गाडीकडे बघितलं आणि डोकं धरून खाली बसला. हसत होता.

"पुरे! पुरे!" थोरल्याने माझा हात धरला. "पटला! देवाशपथ पटला! सोडा माजा दार!"

बायको ओटीवरून खाली आली. थोरल्याच्या वरच्या खिशात चावी होती. ती तिने दोन बोटांनी काढून घेतली. तो दारावरून बोट फिरवत उभा राहिला. भटजींनी घंटा वाजवली, "मुहूर्त टळता," म्हणाले, तरी कुणी हललं नाही.

माझ्या कोपरापर्यंत हिरवी-राखाडी लापशी लागली होती. बायकोने मला टॉवेल दिला. शुक्रवारपासून तिने मला दिलेली ती पहिली वस्तू. तिच्या तोंडावर मोठं हसू होतं, आणि गावातल्या बायका तिला विचारत होत्या, इन्सुलीचा घाट कसा उतरवलंस, उलटी घेताना मागचं दिसतं कसं. ती हातवारे करून सांगत होती.

सासूबाई पिकअपपाशी आल्या. दाराकडे नीट बघितलं. मग लेकीच्या गाडीकडे, ती कशी दोन्हीकडे हातभर जागा सोडून सरळ लावली आहे तिकडे बघितलं. आगळाची रिकामी वाटी उचलली, पदराने पुसली आणि माझ्याकडे वळल्या.

"जावयानू," त्या म्हणाल्या, "माज्या चेडवाक गाडी येता, ता आज बघलंय. तुमका नेमका काय येता?"